आई कुठाय पिल्लाची?

म्हैस घ्यायला आपल्याकडचा माणूस बाजारात गेला की काय काय करतो ते जरा आठवून बघा. दात बघतो, कास हाताखालनं घालतो, दोन वेळचं दूध स्वतःसमोर काढून घेतो, कितवं वेत ते विचारतो, हिच्या आईला दूध किती होतं तेही विचारतो, मग ओळखीच्या दोघांना बोलावून त्यांच्याकडनं परत तेच सगळं बघून घेतो, आणि एवढं झाल्यावरही हेड्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत खिलार खोंडाच्या अंगावरचा भोवरा कुठं पडलाय यावरनं तासभर वाद घालणारी माणसं मी लहानपणापासनं बघत आलेय. आणि त्याच घरातला पोरगा मोबाईलवर एक फोटो बघतो, ‘प्युअर लॅब, डबल बोन, हेल्दी पपी’, म्हणजे अस्सल लॅब्रॅडॉर, जाड हाडाचं, धडधाकट, एवढं वाचतो, बारा हजार फोनपे करतो आणि रात्रीच्या बसनं पुठ्ठ्याच्या खोक्यातनं कुत्र्याचं पिल्लू मागवून घेतो. घरातलं कुणीही विचारत नाही की बाबा, ह्याची आई कुठाय.

मला वाटतं सगळा धंदा या एका न विचारलेल्या प्रश्नावर चाललाय.

बेळगावात काय, खानापुरात काय, निपाणी-चिकोडीकडं काय, कुत्रं पाळायची हौस गेल्या काही वर्षांत भयंकर वाढलीय. नवीन बंगला बांधला की गेटवर ‘कुत्र्यापासून सावध’ची पाटी आणि आत एक लॅब नाहीतर जर्मन शेफर्ड. त्याच्या आधी पगची लाट येऊन गेली, २००३ ला मोबाईलची ती पगवाली जाहिरात आली आणि पोरांपोरींना तसलंच कुत्रं पाहिजे झालं, आता शित्झू आणि हस्की चाललंय. हौसेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, माझ्या स्वतःच्या घरात कुत्रं नसलेला काळ मला आठवत नाही. पण एवढी पिल्लं येतात कुठनं? दिवाळीला पाहिजे म्हणलं तर दिवाळीला, पोरीच्या वाढदिवसाला पाहिजे म्हणलं तर त्या तारखेला, पाहिजे त्या रंगाचं, पाहिजे ते नर-मादी... असं पिल्लू तेव्हाच मिळू शकतं जेव्हा कुठंतरी एखादी कुत्री सारखी विऊन राहिलेली असते.

पपी फार्म, म्हणजे विकायला पिल्लं काढायची जागा, म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर मोठी कंपाऊंडवाली जागा येते, बोर्ड लावलेली. तसं काही नसतं बहुतेक वेळा. गावाबाहेरच्या प्लॉटवर पत्र्याचं शेड असतं, नाहीतर स्लॅबवर टाकीच्या आडोशाला चार पिंजरे, नाहीतर बंद पडलेली कोंबड्यांची पोल्ट्री. पिंजऱ्याला खालनं जाळी, म्हणजे घाण आपोआप खाली पडते आणि झाडायला माणूस लागत नाही. त्या जाळीवरच कुत्री उभी राहते, झोपते, वितेपण. हिशेब साधा आहे. लॅबची मादी एका वेताला सात-आठ पिल्लं देते, कधी दहा. बिनकागदाचं, म्हणजे आईबापाची नोंद नसलेलं पिल्लू दहा-बारा हजाराला जरी गेलं तरी एका वेताला पाऊण-एक लाख, आणि मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, तेव्हा प्रत्येक माजाला नर दाखवला की वर्षाला दोन वेतं. खायला काय तर भात आणि कोंबडीच्या दुकानातली आतडी-पाय. लसीचा खर्च नको, डॉक्टरचा नको. ज्या धंद्यात माल स्वतःच तयार होतो आणि भांडवलाला फक्त भात घालायचा, तो धंदा माणसं सोडतील का सांगा.

आमच्या गल्लीत लहानपणी कुत्री व्याली की आम्हा पोरांची कोण गडबड! गंजीच्या मागं नाहीतर कुणाच्यातरी पडक्या परड्यात ती खड्डा करून व्यायची, आणि आम्ही वाटी घेऊन दारोदार फिरायचो, कुणाकडं रवा, कुणाकडं गुळाचा खडा, कुणाकडं पळीभर तेल, आणि मग एखाद्या आजीच्या चुलीवर त्याचा शिरा व्हायचा. बाळंतिणीसाठी. ती आजी आम्हाला आधीच दम द्यायची, पहिले आठ दिवस पिल्लांना हात लावायचा नाही, ती चावंल, आणि चावली तर तिची चूक नाही. कन्नड बोलणाऱ्या घरातनंपण वाटीत तसंच पडायचं, तिथं खंडोबा म्हणा नाहीतर मैलार म्हणा, देवाचंच कुत्रं ते. म्हणजे पिल्लू कुणी पाळायला नेलं तर ते कुणाचं, कुठं जन्मलं, आई चावकी का गरीब, सगळं सगळ्यांना माहीत. विचारायची गरजच नव्हती.

आणि एक गोष्ट अशी की गावातली कुत्री बहुतेक वर्षातनं एकदाच विते. भाद्रपदात माजावर येतात, साधारण त्रेसष्ट दिवस पोटात पिल्लं राहतात, म्हणजे दिवाळीच्या मागंपुढं, सुगीच्या टायमाला पिल्लं होतात. मधले महिने तिचं अंग भरून येतं. रस्त्यावर उकिरडा हुंगणाऱ्या कुत्रीला जेवढी विश्रांती मिळते तेवढीपण त्या हजारोंच्या किमतीची पिल्लं देणाऱ्या मादीला मिळत नाही, हे मला पचत नाही.

अशी एक मादी आमच्याकडं आहे. राणी. नाव आम्ही ठेवलेलं, आधी तिला नाव होतं का नव्हतं कुणास ठाऊक, कुठल्याच हाकेला ती कान हलवायची नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडं एक माणूस तिला रिक्षातनं घालून आला, गर्भाशयात पू झालेला, ऑपरेशन करून पिशवी काढावी लागणार म्हणल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला की मग परत पिल्लं होतील का. होणार नाहीत म्हणल्यावर ‘पैसे घेऊन येतो’ म्हणून गेला तो गेला, फोन बंद. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि मला फोन केला, ताई, सात-आठ वर्षांची लॅब आहे, बघता का.

बघायला गेले तर आधी ती उभीच राहीना. नखं इतकी वाढलेली की पुढच्या पायाची वळून पंजाखाली गेलेली. कोपरांवर केस नाहीत, नुसते काळे जाड घट्टे, सिमेंटवर नाहीतर जाळीवर वर्षानुवर्षं झोपल्यावर पडतात तसले. पुढचे दात झिजून हिरड्यांपर्यंत आलेले. डॉक्टर म्हणले, हे खाऊन झिजलेले नाहीत, पिंजऱ्याची सळई चावून झिजलेत. सडं लोंबून जमिनीला टेकायला आलेली. घरी आणल्यावर पायऱ्या कशा चढायच्या ते तिला माहीत नव्हतं, पहिल्या पायरीसमोर थरथरत उभी राहायची. अंगणातल्या गवतावर पाय ठेवला की उचलायची, परत ठेवायची, परत उचलायची. सात वर्षांच्या कुत्रीला गवत माहीत नाही!

ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत तिच्या सडांना दूध आलं. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणले असं होतं, अंडाशय काढल्यावर हार्मोन एकदम खाली येतात आणि शरीराला वाटतं की पिल्लं झालीत, हळूहळू जाईल. ते गेलंही. पण तेवढे दिवस ती घरभर फिरून माझ्या मुलीचे मोजे गोळा करायची, एक एक करून कॉटखाली नेऊन ठेवायची, त्यांच्याभोवती वेटोळं करून पडायची आणि कुणी वाकून बघितलं की अंगाखाली ओढून घ्यायची. गुरगुरायची नाही. नुसतं ओढून घ्यायची. कितीतरी पिल्लं तिच्याजवळनं महिन्याच्या आतबाहेर उचलून नेलेली असणार, त्या माणसानं ती मोजलीही असतील, पैसे मोजताना.

हे महिन्याच्या आतबाहेर उचलणं म्हणजे काय ते सांगते, कारण पिल्लू घेणाऱ्यालाही त्याचा फटका बसतो. तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू दिसायला कापसासारखं असतं, ओंजळीत मावतं, फोटोत गोड दिसतं, म्हणून ते तेव्हाच खपतं. दोन महिन्यांचं झालं की पाय लांब होतात, तोंड लांब होतं, गिऱ्हाईक भाव पाडतं, शिवाय तेवढे दिवस खायला घालावं लागतं. म्हणून लवकर काढतात. पण आईजवळ आणि भावंडांजवळ राहूनच पिल्लू शिकतं की चावा केवढा घ्यायचा, दुसऱ्याला दुखलं की थांबायचं. लवकर तोडलेली पिल्लं पुढं भित्री निघतात, चावकी निघतात, आणि मग लोक म्हणतात आमचं कुत्रं डेंजर आहे, बांधूनच ठेवावं लागतं.

आणि पार्व्हो, पिल्लांचा तो जुलाबाचा रोग. जनावरांच्या दवाखान्यात पार्व्होचं पिल्लू आलेलं असलं की आत पाऊल टाकल्यावर वासावरनं कळतं, रक्ताच्या जुलाबाचा तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. एवढीशी शीर, त्यात सलाईनची सुई, बाजूला घरातली बारकी पोरं रडालीत, आणि बाप परत परत सांगतोय, मंगळवारी आणलं हो, एकदम चांगलं खेळत होतं. खेळत असणारच. पार्व्होचा विषाणू अंगात शिरल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, म्हणजे ज्या गर्दीच्या, न धुतलेल्या पिंजऱ्यात त्याला तो लागला तिथनं ते बाहेर पडून तुमच्या घरी येईपर्यंत ठणठणीत दिसतं. मग विकणारा म्हणतो, माझ्याकडं असताना चांगलं होतं, तुमच्या घरात आल्यावर झालं. हे वाक्य इतक्या लोकांना ऐकवलेलं मी ऐकलंय की ते त्यांचं पाठ असावं. सगळ्यात वाईट पुढंच असतं, तो माणूस ‘अर्ध्या किमतीत दुसरं देतो’ म्हणतो आणि हे लोक पोरं रडतात म्हणून लगेच आणतातही. तो विषाणू फरशीवर, अंथरुणावर, अंगणातल्या मातीत कित्येक महिने जिवंत राहतो, फिनेलला दाद देत नाही, ब्लीचनं धुवावं लागतं. दुसरं पिल्लूही त्याच वाटेनं जातं. लस सहा-आठ आठवड्यांपासनं सुरू करून पुढं दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत द्यायची असते, कारण आईच्या दुधातनं आलेलं संरक्षण कधी संपतं ते पिल्लागणिक वेगळं. पस्तीस दिवसांच्या पिल्लाचं ‘फुल्ली व्हॅक्सिनेटेड’ कार्ड कुणी हातात ठेवलं तर ते कार्ड खोटं आहे, एवढं ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

कायदा नाही असं नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ ला कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आले. त्यात बरंच काही आहे: ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची, मादी अठरा महिन्यांच्या आत लावायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही, आठ वर्षांनंतर बंद, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. राणीच्या बाबतीत यातला कुठला नियम पाळला असेल असं वाटतं तुम्हाला? मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास. एका पिल्लाचे बारा हजार घेणाऱ्याला.

त्यात आपली महाराष्ट्र-कर्नाटकाची सीमा. नोंदणी राज्याच्या मंडळाकडं, आणि आपली राज्यं हाकेच्या अंतरावर. पिल्लू चंदगड नाहीतर कोल्हापूरकडचं, घेणारा बेळगावाजवळच्या उचगावचा, आणि हातात देणार कुठं तर हायवेवरच्या हॉटेलसमोर, गाडीच्या डिकीतनं. ‘तुम्ही कशाला एवढ्या लांब येता, मीच निम्म्या वाटेवर आणून देतो’ हे ऐकायला किती माणुसकीचं वाटतं! पण तो निम्म्या वाटेवर येतो ते तुम्ही त्याच्या घरी जाऊ नये म्हणून. पुढं तक्रार करायची म्हणलं तर इकडचे म्हणणार तिकडं जा, तिकडचे म्हणणार इकडं. उलटी वाहतूकही चालते, बेंगळूरकडनं आलेली पिल्लं इथनं पुढं सांगली-कोल्हापूरला जातात.

इंग्लंडमध्ये यावरच बोट ठेवलं. तिथं २०१३ ला वेल्समधल्या एका पपी फार्ममधनं लूसी नावाची कॅव्हेलियर जातीची मादी सोडवली होती, वेतावर वेत घेऊन पाठ वाकलेली, तिच्या नावानं लोकांनी मोहीम चालवली आणि ६ एप्रिल २०२० पासनं कायदा लागू झाला की सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदारानं किंवा मधल्या दलालानं विकायचंच नाही, विकायचं तर ज्यानं जन्माला घातलं त्यानंच, त्याच्या जागेवर, आईसोबत दाखवून. तेवढ्यानं तिथला चोरटा धंदा संपला असं नाही, पण गिऱ्हाइकाला काय विचारायचं ते तरी कळलं. ते विचारायला आपल्याला कुठल्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

आणखी एक, ‘केसीआय पेपर आहेत’ म्हणलं की लोक निर्धास्त होतात. चेन्नईच्या केनल क्लब ऑफ इंडियाचा, म्हणजे केसीआयचा, तो कागद पिल्लाचे आईबाप कोण हे सांगतो. आई पिंजऱ्यात आहे का अंगणात, कितव्यांदा व्याली, हे तो सांगत नाही. कागद असावा, पण नुसता कागद बघून, आई न बघता गाडी परत वळवू नये.

जातीचंही तसंच. अथणी-रायबागकडं एप्रिलमध्ये चाळीसच्या वर ऊन चढतं, तिथं दुहेरी केसांची हस्की आणि सेंट बर्नार्ड पाळायची हौस कशासाठी? पगला तर नाकच ठेवलेलं नाही आपण माणसांनी, ते बिचारं नुसतं श्वास घ्यायला धापा टाकतं आणि आपल्याला वाटतं घोरतंय, गोड आहे. बेळगावपासनं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर मुधोळ आहे. घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेलं मुधोळचं कुत्रं, २००५ ला पोस्टानं त्याचा स्टॅम्प काढला, सैन्यानंही ते घेऊन बघितलं, तिथं जवळच तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांच्या दारात मादी पिल्लांसकट बघायला मिळते. पण तेही शिकारी कुत्रं, त्याला पळायला रान पाहिजे, टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये कोंडायला ते नाही. आणि त्याचंही नाव झाल्यापासनं हौशे-नवशे मिळेल तिथं पिल्लं काढायला लागलेत, तेव्हा तिथंही डोळे उघडे ठेवूनच जावं लागतं.

सगळ्यात अवघड मला वाटतो तो दयेचा प्रश्न. लोक जागेवर जातात, ती घाण बघतात, त्या घाणीतलं एक मरतुकडं पिल्लू बघतात आणि त्यांना सोडवत नाही, पैसे देऊन घेऊन येतात. ‘निदान एक तरी वाचवलं.’ यात कुणाचं मन वाईट आहे असं मी म्हणणारच नाही, मलाही तिथनं मोकळ्या हातानं परत यायला फार जड जातं. पण त्या माणसाच्या वहीत ती दया म्हणून लिहिली जात नाही, विक्री म्हणून लिहिली जाते. मरतुकडं पिल्लूसुद्धा खपतंय म्हणल्यावर तो औषधाला पैसे कशाला घालील? मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वेत येतं, त्याच मादीचं. म्हणून माझं म्हणणं, फोटो काढा, जागा कुठली ते लिहून ठेवा, पोलिसात द्या, जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटीकडं द्या, राज्याच्या मंडळाकडं द्या, एकट्यानं नको चार जणांनी मिळून द्या, पण पैसे देऊ नका. आणि दयाच करायची असेल तर दिवाळीनंतर थंडीत गल्लीतल्या गटारीकडंला कुडकुडणारी गावठी पिल्लं आहेतच की, तिथं आईपण समोर उभी असते.

आमच्या ओळखीतला कंग्राळीचा एक पोरगा परवा लॅबसाठी विचारत आला. अक्का, हा फोटो बघा, चांगलं आहे ना? म्हणलं फोटो सोड, त्याला सांग आईचा व्हिडिओ पाठव, पिल्लं दूध पितानाचा, आणि मी रविवारी घरी येणार आहे म्हणून सांग. त्यानं माझ्यासमोरच मेसेज केला. आधी उत्तर आलं की आई गावाकडं आहे. मग एक व्हिडिओ आला, त्यात मादी काळी आणि पिल्लं पाच-सहा, पण याला दाखवलेलं पांढरट पिल्लू त्यात दिसेना. पोरानं विचारलं, ही तीच पिल्लं काय? तर म्हणे तुम्हाला घ्यायचं आहे का टाइमपास करायलाय, आणि नंबर ब्लॉक.

मग चौकशी करत करत कडोलीकडचं एक घर सापडलं. त्यांच्याकडं एकच मादी, दुसरं वेत, पिल्लं अजून डोळे उघडायची आहेत. तिथल्या काकूंनी याचीच उलटतपासणी घेतली: घरात दिवसभर कोण असतं, बांधून ठेवणार का, आधी कुत्रं होतं ते कशानं गेलं, तुझी बदली झाली तर बघणार कोण, आणि आईला घेऊन ये म्हणल्या, तुझ्या, तिच्याशी बोलल्याशिवाय मी देणार नाही. हा जरा नाराज होऊन आला होता, एवढं काय विचारायचं म्हणून. मी म्हणलं हेच घर बरोबर आहे. पिल्लू दोन महिने पुरे झाल्याशिवाय मिळणार नाही हे त्यांनी ठणकावून सांगितलंय, तवर याच्या आईला फाटकाच्या खालची फट बुजवून घ्यायचीय आणि गवंडी काही येईना झालाय.